रात्री कोण आलं होतं?

नऊ नंबरच्या पुरुषी चपला मी खडेबाजारातून विकत आणल्या. कातड्याच्या नकोत, रबरी द्या म्हटलं. दुकानदार म्हणाला, "साहेबांना बसल्या नाहीत तर बदलून न्या की वो." मी मान हलवली. साहेब कुणी नव्हतेच. घरी आणून त्या परसातल्या चिखलात घासल्या, टाचेपाशी दगडानं जरा झिजवल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवल्या. एकट्या बाईच्या दाराशी पुरुषाच्या चपला असाव्यात, चोराला वाटतं आत माणूस आहे, हा सल्ला मला तीन बायकांनी वेगवेगळ्या वेळी दिला होता. तिघीही एकट्या राहणाऱ्या.

चोराला काय वाटलं कुणास ठाऊक. पाचव्या दिवशी गल्लीत चर्चा सुरू झाली, हिच्या दाराशी चपला कुणाच्या?

मैत्रिणींनो, हे मी हसायला सांगत नाही. तेव्हा मीही हसले नव्हते. जी वस्तू मला चोरापासून राखणार होती तिनंच मला शेजाऱ्यांपुढं आरोपी केलं. चपला ठेवल्या तर बाईचं चालचलन वाईट आणि काढल्या तर घर उघडं. मी त्या आत घेतल्या. म्हणजे चोर आणि शेजारी यांच्यात मी जास्त भ्याले ते शेजाऱ्यांना. ही गोष्ट मी कबूल करते, कारण मला आज जे भांडायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

मी दोन मुलांना घेऊन बेळगावात वेगळी राहते, त्याला सहा वर्षं झाली. नवरा आहे, पण आमच्यात नाही. विधवेला निदान दया मिळते. माझ्यासारखीला प्रश्न मिळतात. घर शोधताना हे पहिल्यांदा कळलं. आपल्या समाजाच्या माणसाला आपल्या समाजात घर मिळायला अडचण नसते असं आपण म्हणतो. कांदा-लसूण नाही, रात्री स्वयंपाक नाही, पार्ट्या नाहीत, भाडं वेळेवर, असा भाडेकरू कुणाला नको? मी या सगळ्यात बसत होते. "फॅमिली आहे नव्हं?" असं विचारलं की मी म्हणायची, आहे, मी आणि दोन मुलं. यावर समोरचा माणूस गप्प व्हायचा आणि मग वरच्या मजल्यावर त्याच्या भाच्याला यायचं असायचं. सात घरांच्या वरच्या मजल्यावर सात भाचे येणार होते. आठवं घर मिळालं ते बस्तीच्या मागच्या गल्लीत, जुनं, पुढं सोपा, मागं परसू, परसाची भिंत छातीएवढी.

आता ती रात्र. आषाढ होता, पाऊस लागलेला, वीज संध्याकाळपासून गेलेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. दीडच्या सुमाराला परसदाराची कडी वाजली. वाऱ्यानं वाजते तशी नाही. वारा कडी ओढून सोडतो. ही कुणीतरी धरून हळूहळू वर सरकवत होतं. आतून आगळ लावलेली होती, जुन्या घराचा तेवढा उपकार. मी अंथरुणात बसले. मुलगी जागीच होती, तिनं माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "आई, ओरडू नको."

मला ते वाक्य अजून पचत नाही. अकरा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं होतं की दारावर परका हात पडला तर ओरडायचं नाही? मीच शिकवलं होतं. तोंडानं नव्हे. संध्याकाळी सातनंतर फोनवर मोठ्यानं बोलू नये, ऑफिसातला कुणी कागद द्यायला आला तर त्याला दारातच उभा करावा आणि दार सताड उघडं ठेवावं, गॅसवाल्याला रविवारी बोलावू नये, हे सगळं ती दोन वर्षं बघत होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात पहिला विचार आगळीचा आला नाही. पहिला विचार असा आला की मी ओरडले, लोक जमले, आणि परसात खरंच कुणी पुरुष सापडला, तर उद्या काय सांगतील? तो आला होता की हिनं बोलावला होता? दुसरा विचार मुलांचा आला. आगळ टिकेल का, हा तिसरा. या क्रमाची मला लाज वाटते. पण ती लाज मी एकटीनं का बाळगायची?

शेवटी मी स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट घेतलं आणि पळीनं बडवायला लागले. ओरडले नाही, ताट बडवलं. पाच मिनिटं तरी बडवलं असेन. मुलगा उठून रडायला लागला. परसात कुणीतरी भिंतीवरून उडी टाकल्याचा आवाज आला, मग पागोळ्यांचा. खिडकीतून बघितलं तर समोरच्या माडीवर बॅटरीचा उजेड दिसला. शेजारच्या घरातही कुणीतरी मेणबत्ती घेऊन खिडकीशी आलं. दोन्ही उजेड थोडा वेळ थांबले आणि विझले. दार एकही उघडलं नाही.

सकाळी पाण्याच्या वेळी बायकांनी विचारलं. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिते: "रात्री कोण आलं होतं ओ?"

काय झालं होतं, असं नाही. मुलं भ्याली का, असं नाही. कोण आलं होतं. जसं काही मला नाव माहीत असणार.

पोलीस ठाण्यात गेले त्याचं फार लांबवत नाही. तिथं कानडीत पहिला प्रश्न होता, घरात पुरुषमाणूस कोण. मी म्हटलं, सहा वर्षांचा आहे. हवालदार हसला नाही, त्यानं तक्रार लिहून घेतली आणि परसाची भिंत वाढवायला सांगितलं. तेवढा सल्ला तरी उपयोगाचा होता. आता 112 नंबर आहे, फोन केला तर गाडी येते, आणि तो नंबर माझ्या मुलांना पाठ आहे. तुमच्याही मुलांना पाठ करून द्या. पण गाडी येईपर्यंत जी मिनिटं जातात त्यांत फक्त शेजारी पोचू शकतो, आणि मला भांडायचं आहे ते त्या मिनिटांबद्दल.

दोन दिवसांनी बस्तीत अभिषेक झाल्यावर समाजातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, वाईट बोलणारे ते नव्हेत. म्हणाले, "बाळ, बाईमाणसानं एकटं राहू नये. भावाकडं जा. नाहीतर त्याच्याशी पटवून घे, घरात पुरुष असला की धाक असतो."

भावाकडं दोन खोल्या आहेत आणि त्याची तीन मुलं. माझी नोकरी इथल्या एका पतसंस्थेत आहे, मुलांची शाळा इथं. पण हा व्यवहाराचा भाग झाला. मला त्यांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण ते वाक्य फक्त त्यांचं नाही, आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. घरात पुरुष असला की धाक असतो. कुणाला?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अहवाल काढतो. 2022 च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सगळ्यांत मोठा वाटा, 31.4 टक्के, हा 'नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' या एकाच सदराचा होता. त्याआधीच्या वर्षीही पहिला क्रमांक त्याचाच. 1983 साली यासाठी दंड संहितेत वेगळं कलम घालावं लागलं, 2005 मध्ये घरगुती हिंसाचाराचा वेगळा कायदा करावा लागला. भिंतीवरून उडी मारून येणाऱ्यासाठी नव्हे. आतून कडी लावून घेणाऱ्यासाठी. आपल्या समाजात हे होत नाही असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आपल्या घरातल्या मोठ्या बायकांना एकट्यात गाठून विचारावं.

मला रात्रीची भीती परसदारानं शिकवली नाही. ती मी आधीच शिकून आले होते. अकरानंतर मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वळायची, तो आवाज ऐकला की मी मुलीला झोपेतच उचलून आतल्या खोलीत न्यायची. त्या घराला मजबूत दार होतं, कंपाउंड होतं, पुरुषाच्या खऱ्या चपला होत्या. आठ वर्षांत एकाही शेजाऱ्यानं विचारलं नाही की रात्री तुमच्याकडं आवाज कसला येतो. तेव्हा आमची फॅमिली होती ना. याहून जास्त त्या घराबद्दल मी लिहिणार नाही, मुलं मोठी होऊन हे वाचतील.

आणि तरी मला सांगितलं जातं, इथं तुला धोका आहे, तिथं परत जा.

आपण सूर्यास्त पाळणारी माणसं. दिवस मावळायच्या आत जेवून भांडी पालथी घालतो, दिव्यावर येणारा किडा मरू नये म्हणून. रात्र ही वेगळी वेळ आहे, अंधारात नकळत हिंसा होते, म्हणून जास्त जपावं, हे आपल्याला दूध प्यायच्या वयापासून शिकवलेलं असतं. गंमत म्हणजे कायदाही सूर्यास्त मानतो. 1860 च्या दंड संहितेत लपूनछपून दुसऱ्याच्या घरात शिरण्याला दिवसा दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी तीन वर्षांपर्यंत. 2024 च्या जुलैपासून नवी संहिता आली, तिनंही हा फरक तसाच ठेवला. रात्री झोपलेलं माणूस जास्त असहाय असतं, एवढं इंग्रजालाही समजत होतं. मग ज्या गल्लीत सूर्यास्तानंतर किड्याची काळजी वाहतात, तिथं ताट वाजत असताना दिवे विझतात कसे?

आपल्याकडं चार दानं सांगितली आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिन्हींच्या पाट्या बस्तीत लावलेल्या आहेत, संगमरवरी, नावं आणि रकमा कोरून. चौथ्याची पाटी नाही. अभयदान म्हटलं की आपण कसायाकडची बकरी सोडवतो, पांजरपोळाला चारा देतो, फोटो काढतो. बकरी सोडवू नका असं मी म्हणत नाही, मीही पावती फाडते. पण अभय म्हणजे भीती नसणं. भीती काय फक्त चार पायांच्या जिवालाच असते?

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या चौथ्या दानाला 'आवास' म्हटलं आहे, राहायला निर्धास्त जागा देणं. आणि या दानाचं उदाहरण म्हणून तिथं कुणी राजा नाही, शेठ नाही. एक डुक्कर आहे. लहानपणी आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही भावंडं खूप हसलो होतो. मागच्या जन्मी तो कुंभार होता, धर्मशाळेत त्यानं एका मुनींना जागा दिली होती. पुढच्या जन्मी रानडुक्कर झाला. एका गुहेत मुनी बसलेले, वाघ त्यांना खायला आला, आणि हा डुक्कर गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. वाघाशी झुंजला. दोघंही मेले; वाघ नरकात गेला आणि डुक्कर स्वर्गात.

डुकरानं मुनींना विचारलं नाही की महाराज, हा वाघ तुमच्या ओळखीचा आहे का.

त्यानं फक्त दार अडवलं. आपल्या शास्त्रकारांना चौथ्या दानासाठी याहून मोठं उदाहरण सुचलं नाही, आणि आपण ते पोथीत ठेवून रेशमी कापडात बांधलं.

पुरुषांवर, पंचांवर, पोलिसांवर बोलणं सोपं आहे. पण नळावर मला प्रश्न विचारणाऱ्या बायका होत्या. माडीवर बॅटरी धरून उभी राहिलेली बाईच होती, तिनं नंतर स्वतः सांगितलं, नवऱ्याला उठवलं नाही, कारण "हे जाणार तुमच्या घरात रात्रीचे, आणि मग लोक..." तिचं खोटं नाही. तिचा नवरा माझ्या घरात रात्री दोनला आला असता तर चार दिवसांनी तिलाच ऐकावं लागलं असतं. म्हणजे मदत करणाऱ्याची अब्रूसुद्धा आपण अशी बांधून ठेवली आहे की त्याला मदत करता येऊ नये. मग मी तिला म्हटलं, तुम्ही आला असता. दोघं मिळून आला असता. यावर ती बराच वेळ बोलली नाही.

आणि मी कोण मोठी लागून गेले? लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आमच्या शेजारी एक बाई मुलाला घेऊन राहायला आली होती. रात्री उशिरा तिच्याकडं रिक्षा थांबली होती. सकाळी तिला विचारणारी मीच होते, "काल रात्री कोण आलं होतं?" मुलाला ताप होता, तिनं रिक्षा बोलावली होती. तिनं शांतपणे सांगितलं आणि मी "अगंबाई" म्हणून आत गेले. ताप उतरला का, हे विचारायला गेले नाही. चार महिन्यांनी ती घर सोडून गेली. कुठं, मला माहीत नाही. तिची माफी मागायला मला पत्ता नाही.

म्हणून भाद्रपदात दशलक्षण संपल्यावर हात जोडून सरसकट 'उत्तम क्षमा' म्हणत फिरणं मला अलीकडं जमत नाही. त्या वर्षी नळावरच्या दोघीजणी आल्या, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणाल्या. मी विचारलं, काय चुकलं ते सांगा, मग करते. मला उद्धट म्हणतात ते तेव्हापासून. असू दे. नकळत पायाखाली आलेल्या मुंगीची क्षमा आणि समजून-उमजून विचारलेल्या प्रश्नाची क्षमा एकाच वाक्यात कशी मागणार?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या समाजात याची जाण असलेली माणसं होती. शेठ माणिकचंद हिराचंदांची मुलगी मगनबाई, तरुणपणी वैधव्य आलं, तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकांच्या शिक्षणाला आयुष्य दिलं. सांगलीत कळंत्रे अक्कांच्या नावानं महिलाश्रम आहे. एकट्या बाईला रात्री पाठ टेकायला निर्धास्त जागा हवी, आणि सकाळी शिकायला पाटी, हे त्यांनी ओळखलं. त्या काळी तेच फार मोठं होतं. पण आपण तिथंच थांबलो. एकटी बाई म्हटलं की आजही आपल्याला आश्रमच सुचतो, नाहीतर माहेर. तिनं स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या कुलपाआड, आपल्याच गल्लीत राहावं, याची सोय आपल्या डोक्यात नाही. मला आश्रम नको. मला घर आहे, गल्ली हवी आहे.

गल्ली म्हणजे काय, ते मला एका म्हातारीनं दाखवलं. डाव्या हाताच्या घरात एक अक्का राहतात, सत्तरीपुढच्या, मुलगा पुण्याला. त्या रात्री त्या मुलाकडं गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी ऐकलं, काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "ताट वाजवलीस ते बरं केलीस. आता वाजवलीस तर मी पण वाजवणार. काय येतंय ते बघू." बस. कोण, का, कशाला, काही नाही. आम्ही ठरवलं: एकीचं ताट वाजलं की दुसरीनं वाजवायचं आणि परसातला दिवा लावायचा.

माझं ताट त्यानंतर एकदाही वाजलं नाही. मागच्या माघात अक्कांचं वाजलं. मी मुलीला धाकट्यापाशी बसवलं आणि बॅटरी घेऊन धावले. मांजरानं फडताळातून डबा पाडला होता, दुसरं काही नव्हतं. पण त्यांचे हात थरथरत होते. पाणी देऊ का म्हटलं तर म्हणाल्या, रात्रीचं पाणी सोडलंय नव्हं मी. मग चहाचा प्रश्नच नव्हता. पहाटेपर्यंत आम्ही दोघी कोरड्या घशानं सोप्यात बसलो, त्या मला त्यांच्या सासूच्या तक्रारी सांगत होत्या. इतकी निर्धास्त रात्र मी कित्येक वर्षांत काढली नव्हती, आणि तीही दुसऱ्याच्या घरात.

यावरून मी ट्रस्टींना अर्ज दिला. पैसे मागितले नाहीत. गल्लीच्या वळणावर बस्तीच्या भिंतीला एक दिवा लावा, रात्रभर जळणारा. आणि एक कागद करा, ज्यावर नावं देणाऱ्या घरांचे फोन नंबर असतील: रात्री कुणाही बाईनं, म्हातारीनं, एकट्या माणसानं फोन केला किंवा ताट वाजवलं तर या घरातलं जोडपं उठून येईल आणि सकाळी काही विचारणार नाही. शेवटचं वाक्य काढा, असं मला सुचवलं गेलं. म्हणे, त्यातून समाजाची बदनामी होते. मी ते काढलं नाही.

दिव्याचं पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू म्हणाले आहेत. कागदावर आतापर्यंत चार घरांनी नावं दिली. एक अक्कांचं, एक माझं, एक समोरच्या माडीवरचं, नवराबायको दोघांच्या सह्यांसकट. चौथं कोपऱ्यावरच्या शिंप्याचं, तो आपल्या समाजाचा नाही. त्यानं कुठंतरी ऐकलं आणि स्वतःहून दुकान बंद करून सही करायला आला. कागद बस्तीच्या ऑफिसात टेबलावर आहे, पावती पुस्तकांच्या शेजारी. पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं आहे. ऑफिस सकाळी आठ ते दहा उघडं असतं.